कैफियत आणि रबरी चाक

हजारो हातांनी वापरावयाच्या वस्तूचा आराखडा जो आखतो, त्याच्यापर्यंत त्या हातांची हकिकत पोहोचवावी कशी, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या राइट फील्ड येथे जीविताचाच प्रश्न होऊन बसला. बी-१७ जातीची अवाढव्य विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर असतानाच, चाके आत ओढली जाऊन, एकाएकी पोटावर बसत. आणि दप्तरात कारण नमूद होई, 'वैमानिकाची चूक'. आल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने ती नोंद प्रमाण न मानता वैमानिकासमोरील कळांचीच पाहणी केली, तेव्हा त्याला आढळले की पंखांच्या झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी असून घडणीनेही एकसारख्या आहेत. सी-४७ विमानात त्यांची मांडणी निराळी होती, आणि तेथे हा प्रमाद घडत नव्हता. चापानिसने चाकांच्या कळीच्या टोकाला लहानसे रबरी चाक बसविले आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. म्हणजे डोळे बाहेर गुंतलेले असले तरी बोटांनाच ओळख पटावी. आराखडेकारांच्या थेट हाती ठेवता येईल असा याहून बोलका अहवाल मला ठाऊक नाही.

पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या हातून कळा हाताळताना झालेल्या चुकांच्या ४६० हकिकती गोळा करून त्यांचे वर्गीकरण केले. त्यांना कैफियती म्हणणेच मला योग्य वाटते, कारण ज्याच्यावर ठपका येणार त्याचेच म्हणणे त्यांत प्रथम ऐकून घेतले गेले. आणि सुमारे निम्म्या कैफियतींत तक्रार एकच होती: एका कळीच्या जागी दुसरीच हाती आली.

वैमानिकांच्या आसनांचे आराखडे तर 'सरासरी' देहावर बेतलेले असत. संशोधक गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची दहा मापे ताडून पाहिली आणि १९५२ च्या टिपणात दाखवून दिले की दहाही मापांत मध्यम असा त्यांत एकही नाही. त्या शून्यापुढे कोणता आराखडेकार वाद घालणार? आसने देहानुसार जुळवून घेता यावीत, हा आग्रह त्यामुळे बळावला.

आजही प्रवासी विमानात चाकांच्या कळीचे टोक चाकाच्याच आकाराचे असते, आणि अमेरिकेच्या विमान-नियमावलीत तो आकार आकृतीसह दिलेला आहे.