आठवण आणि अंदाज : ‘माझा प्रवास’च्या निमित्ताने

कळव्यात आमच्या शेजारी नव्वदीकडे झुकलेले एक आजोबा राहतात. पारसिकचा बोगदा खणताना उडालेले सुरुंग आपण लहानपणी ऐकले, असे ते ठामपणे सांगतात. बोगदा १९१६ साली खुला झाला. आजोबांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. तरीही ते खोटे बोलत नाहीत. वडिलांकडून ऐकलेले सांगता सांगता त्यांचे स्वतःचे झाले आहे.

वार्धक्यात स्मृती सरसकट क्षीण होत नाही. शब्दसंपदा आणि जन्मभर मुरलेले ज्ञान बराच काळ टिकते. आधी ढासळतो तो संदर्भ : ही गोष्ट केव्हा, कोठे, कोणाकडून कळली. ती रिकामी जागा मन अंदाजाने भरते, आणि अंदाज आठवणीच्याच खात्रीने बोलू लागतो. स्मरण ही मुळात पुनर्रचनाच असते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडले होते. वयाबरोबर त्या रचनेतील अंदाजाचा वाटा वाढतो, इतकेच.

आत्मपर लेखनाच्या अभ्यासकाला हे विसरून चालणार नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञातील दक्षिणेच्या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो १८८३ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर. झाशीचा वेढा, आगी, लूट हे त्यांनी स्वतः भोगलेले. कलकत्त्यात राजेरजवाड्यांपुढे ठेवलेल्या चौऱ्याऐंशी कलमांची हकिकत मात्र ऐकीव. निवेदनाचा सूर दोन्हीकडे सारखाच विश्वासाचा आहे.

चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले ते काटछाट व संस्कार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली. हा फरक केवळ भाषेचा नव्हे. पाहिलेले आणि ऐकलेले यांचा सांधा मूळ लेखनातच शोधता येतो. संपादकाचा हात फिरला की तो बुजण्याचा धोका असतो.

म्हणून वर्गात अशा लेखनाविषयी ‘हे खरे की खोटे?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हे लेखकाला कसे कळले?’ असेही विचारावे. चौऱ्याऐंशी कलमांवरून कलकत्त्याचा इतिहास लिहिता येणार नाही, पण त्या काळी लोक कशावर विश्वास ठेवत होते, हे त्यांतून कळते. आमच्या आजोबांचे सुरुंगही तसेच. बोगद्याचा पुरावा म्हणून ते निरुपयोगी आहेत. एका बापाने मुलाला काय सांगितले, याचा मात्र तेवढाच पुरावा आज उरला आहे. तो दुरुस्त न करता, वयासकट, उतरवून ठेवायला हवा.