न छापणारं बटण

कीबोर्डच्या उजव्या-वरच्या कोपऱ्यात एक बटण असतं, त्यावर 'प्रिंट स्क्रीन' असं लिहिलेलं असतं. दाबलं की काहीही प्रिंट होत नाही. प्रिंटर तिथेच शेजारी चालू असला तरी तो ढिम्म हलत नाही. रोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं काही वाटत नाही, पण कंप्युटर नव्याने शिकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगताना जाम फजिती व्हायची. "लिहिलंय प्रिंट, पण होतं कॉपी, ती दिसत नाही, आणि मग पेंट उघडायचं." समोरचा आपल्याकडे ज्या नजरेने बघायचा ती अगदी रास्त असायची.

तर मंडळी, एके काळी हे बटण खरोखर छापायचं.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर गुणाकाराची फुली आणि हे बटण एकच होतं. शिफ्ट धरून दाबलं की पडद्यावर जे असेल ते तसंच्या तसं प्रिंटरवर. कुठलाही प्रोग्रॅम लागत नसे, अगदी डॉससुद्धा नाही. हे काम मदरबोर्डवरच्या बायोसमध्येच कोरलेलं होतं. कीबोर्ड हाताळणारा कोड हे दोन बटणांचं जोडपं ओळखायचा आणि इंटरप्ट ५ ला हाक मारायचा. तो बिचारा कर्सर उचलून पडद्याच्या पहिल्या घरात ठेवायचा, तिथलं अक्षर वाचायचा, प्रिंटरला द्यायचा, पुढच्या घरात जायचा. ८० रकाने, २५ ओळी, एकूण २००० घरं. सगळं झालं की कर्सर जिथून उचलला तिथे परत. मला हा कोड फार आवडतो. कारकुनाने खाली मान घालून नक्कल उतरवावी तसा.

इंटरप्ट ५ ची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंटेलने ० ते ३१ हे इंटरप्ट 'आमच्यासाठी राखीव' म्हणून आधीच सांगितलं होतं. आयबीएमने तिकडे काणाडोळा केला आणि ५ नंबर छपाईला देऊन टाकला. १९८२ मध्ये इंटेलने ८०१८६ आणि ८०२८६ जाहीर केले, आणि त्यांत 'बाउंड' नावाची नवी सूचना होती. अ‍ॅरेचा इंडेक्स मर्यादेबाहेर गेला की ही सूचना इंटरप्ट देणार. नंबर कितवा? ५! म्हणजे एटी मशीनवर कुणी बाउंड वापरली आणि इंडेक्स चुकला, तर एरर येण्याऐवजी पडदा छापला जाणार. वर, छापून झालं की प्रोसेसर पुन्हा त्याच सूचनेवर येणार, इंडेक्स अजून चुकलेलाच, की पुन्हा छपाई. कागद संपेस्तोवर. राखीव डब्यात चढून बसल्याचे परिणाम, दुसरं काय.

पण एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हे बटण *अक्षरं* उतरवायचं. पडद्यावर 'ए' असेल तर प्रिंटरला 'ए' चा कोड जायचा, चित्र नव्हे. ग्राफिक्स छापायचं तर डॉस २.० (१९८३) पासून 'ग्राफिक्स' नावाची कमांड आधी चालवून ठेवावी लागे.

त्याच सुमाराला, १९८४ मध्ये, मॅकिंटॉशने उलटी वाट धरली. कमांड-शिफ्ट-३ दाबलं की पडदा मॅकपेंटचं चित्र बनून डिस्कवर. ५१२ बाय ३४२ ठिपके, काळं किंवा पांढरं, म्हणजे जेमतेम २१,८८८ बाइट. तिथे अक्षर हेही ठिपक्यांचंच होतं.

विंडोज आलं आणि पीसीही त्याच वाटेला लागला. विंडोज ३.० (१९९०) वापरलेल्यांना आठवत असेल, बटण दाबलं की पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर. ऑल्ट धरला तर फक्त समोरची खिडकी. बटणावरचं नाव बदलायची तसदी कुणीच घेतली नाही, ती आजतागायत. मग ते सुप्रसिद्ध कर्मकांड: स्टार्ट, प्रोग्रॅम्स, अ‍ॅक्सेसरीज, पेंट, कंट्रोल-व्ही. त्यावर पेंट विचारणार, "क्लिपबोर्डवरचं चित्र मोठं आहे, बिटमॅप मोठा करू का?" (कर बाबा. 'नको' म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.) मध्येच दुसरं काही कॉपी केलंत की चित्र गेलं. व्हिडिओ चालू असेल तर त्या जागी काळा चौकोन, कारण व्हिडिओ थेट ग्राफिक्स कार्डातून पडद्यावर यायचा आणि विंडोजला तिथे फक्त एक रंग दिसायचा. विंडोज ९८ आणि एक्सपीचा पेंट आपणहून बीएमपीच सेव्ह करायचा. १०२४ बाय ७६८ चा एक पडदा सव्वादोन एमबी; २००४ पर्यंत हॉटमेलची अख्खी पेटीच २ एमबीची होती.

इंग्रजीवाल्यांचं या बदलात नुकसान झालं असं माझं मत आहे. अक्षरांची नक्कल जाऊन ठिपक्यांचा फोटो आला. ऑफिसात आजही लोक एरर मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि आपण तो आकडा न् आकडा बघून पुन्हा टाइप करत बसतो. पण मराठीचं गणित नेमकं उलटं निघालं.

विंडोज ९५-९८ च्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे फॉन्टची जादू होती. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि इतर चिन्हांचे कोड. फॉन्ट त्यांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा श असे तुकडे दाखवायचा. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी निराळी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसता अगम्य कचरा. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉन्ट आला, एक्सपीमध्ये तो चालू करायला सीडी घालावी लागे, ते असो. त्याआधीचं जे टाइप झालं ते त्या त्या फॉन्टच्या मर्जीवर.

माझ्या आत्याने २००१ साली, सांगलीत, आजीच्या पाककृती टाइप केल्या होत्या. फॉन्ट ओळखीच्या डीटीपीवाल्याने दिलेला. मुलगा न्यू जर्सीत, त्याच्याकडे फॉन्ट नाही, म्हणून तिने पडद्याचे फोटो काढले. ८०० बाय ६०० चा २४ बिटांचा बीएमपी होतो १४,४०,०५४ बाइटचा, आणि फ्लॉपीवर जागा १४,५७,६६४ बाइट. म्हणजे एक पडदा, एक फ्लॉपी, जेमतेम! अशा सात फ्लॉप्या.

मागच्या वर्षी तिने मूळ वर्ड फाइल माझ्याकडे दिली. फॉन्ट कुठेच नाही. नावाने शोधला, तो तयार कन्व्हर्टरांच्या यादीतही नाही. साठ पानं कचरा. "अरे, फ्लॉप्या आहेत की माळ्यावर," आत्या म्हणाली. सातांपैकी चार वाचता आल्या.

त्या चार पडद्यांवर जो मजकूर मराठीत दिसत होता, तोच फाइलमध्ये कोडच्या रूपात होता. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून, कुठला कोड म्हणजे कुठला तुकडा, हा तक्ता बनवता येणार. रोझेटा स्टोनच तो, पेंटमध्ये सेव्ह केलेला. तीन रविवार गेले. तक्ता झाला, वेलांटी अक्षराआधीची नंतर सरकवायला छोटी स्क्रिप्ट लिहिली, आणि कधी पडद्याचा फोटोसुद्धा न निघालेली पानं वाचता यायला लागली. सांडगी मिरची, पंचामृत, आजीची सगळी मापं चिपट्या-मापट्यांची. आत्याने फोनवर ऐकताना मध्येच मला थांबवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

काही कोड अजून अडलेत. बाकीचे आजूबाजूच्या अक्षरांवरून सुटतील, पण त्यातले दोन अपूर्णांक आहेत, पाव आणि पाऊण, आणि कुठला कुठला ते चार पडद्यांवर कुठेच आलेलं नाही. मेतकुटात सुंठ किती ते त्यावर अडलंय. आत्याला आठवत नाही. न वाचलेल्या तीन फ्लॉप्यांपैकी एकीच्या लेबलावर तिच्या अक्षरात 'मेतकूट' लिहिलंय. शनिवारी तपकीर गल्लीत जुना ड्राइव्ह मिळतोय का बघायला जाणार आहे.