मे महिन्यातले पाहुणे

आपल्या १९९६ च्या बॅचला वाळूजच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं, तर कुणी विहीर सांगेल, कुणी कैऱ्या. मला आठवतात ते एमबीएवाले. परीक्षा संपल्या की हातात फाइल घेऊन एमआयडीसीत फिरणारी, उन्हानं लाल झालेली मुलं. दर मे महिन्यात यायची आणि जूनअखेर दिसेनाशी व्हायची.

ही रीत आपल्या गावापेक्षा जुनी नाही, पण एमआयडीसीपेक्षा नक्कीच जुनी आहे. अहमदाबाद आणि कोलकाता इथल्या आयआयएम १९६१ साली निघाल्या. मुंबई विद्यापीठानं १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्यानं जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू केली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मधल्या उन्हाळ्यात सहा-आठ आठवडे कंपनीत काम करायचं, अहवाल लिहायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची, ही पद्धत अशा संस्थांमधून रुळली आणि पुढे विद्यापीठांच्या विभागांत आली. पण त्यासाठी जवळपास कारखाने हवेत. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं ते ५ नोव्हेंबर १९८५ ला. काम सुरू झाल्यापासून १६ महिन्यांत तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या. बजाजमागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेड आल्या आणि लेण्यांच्या डोंगराखालच्या विद्यापीठातल्या मुलांना शिकायला अख्खी एमआयडीसी मिळाली.

मिळाली म्हणजे काय, तर ओळख असेल त्याला मिळाली. मोठ्या कंपनीत शिरायला कुणाच्या तरी काकांची चिठ्ठी लागायची. ज्यांना चिठ्ठी नव्हती ते वीस-पंचवीस कामगारांच्या शेडमध्ये जायचे. माझ्या मते खरं शिकले ते हेच. मोठ्या कारखान्यात एकच खातं बघायला मिळतं. शेडमध्ये मालकच मॅनेजर, तोच हिशेबनीस, आणि बिलाचे पैसे अडकले की ऑर्डर हातात असूनही बँकेच्या दारात उभा राहणारा तोच.

१९९५ च्या मे महिन्यात आमच्या पुढच्या खोलीत अशीच एक ताई भाड्यानं राहिली. बीडकडची. नामविस्ताराला वर्ष उलटून गेलं होतं. आपल्या अहवालावर विद्यापीठाचं नवं नाव छापलं जाणार याचं तिला अप्रूप होतं. शेडमध्ये एकही बाई नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी माझी आई सोबत गेली. काकू बरोबर आहेत म्हटल्यावर मालकांनी खुर्ची दिली. मानधन वगैरे काही नव्हतं. साठ्याची मोजणी हा तिचा विषय.

रात्री वीज गेली की आम्ही अंगणात कंदील घेऊन बसायचो. ती रॅकवरचे आकडे वाचायची, मी नववीतून दहावीत गेलेली, वहीच्या मागच्या पानावर बेरजा करायची. रजिस्टर आणि रॅक काही जुळेना. मी तीनदा बेरीज केली, माझीच चूक असेल म्हणून. चौथ्या दिवशी तिला कळलं: नापास झालेले भाग भंगारात न जाता टेबलाखालच्या पोत्यांत पडून होते, आणि रजिस्टरात ते चांगला माल म्हणून उभे होते. बँकेला दाखवायचा साठा त्यामुळे फुगलेला दिसायचा.

मालक म्हणाले, हे लिहू नका. तिला प्रमाणपत्रावर त्यांचीच सही हवी होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही. शेवटी तिनं अहवालात पोत्यांसाठी वेगळा रकाना केला, बँकेबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. सही मिळाली. हे बरोबर केलं का, असं तिनं मला, पंधरा वर्षांच्या पोरीला, विचारलं होतं. मी काय सांगणार? मी म्हटलं, आता बेरीज तरी जुळते.

नंतरच्या वर्षांत काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे अहवाल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागले. २०२० च्या उन्हाळ्यात तर कित्येकांनी कारखाना न पाहताच, घरी लॅपटॉपसमोर बसून, ते आठवडे भरले.

मी पुढे इंजिनिअर झाले. आता कारखान्यांसाठी साठ्याचं सॉफ्टवेअर लिहिते. नव्या ग्राहकाकडे गेले की संगणक उघडायच्या आधी विचारते, नापास माल कुठे ठेवता? बहुतेक जण आधी एकमेकांकडे बघतात, मग टेबलाखाली.