बुद्धिबळातील व्यूहनीती व संयोग

मोहऱ्यांची मांडणी, घरांवरील कब्जा आणि प्याद्यांची घडण यांविषयी खेळाडू जी दूरवरची मसलत करतो ती व्यूहनीती. आणि बहुधा एखादे मोहरे बळी देऊन प्रतिपक्षाला ठरावीक खेळ्या करणे भाग पाडणारी चालींची मालिका म्हणजे संयोग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संयोग हा प्रतिभेचा स्वैर विलास मानला जाई. १८५१ मध्ये लंडन येथे आडॉल्फ अँडरसनने कीझरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती व वजीर गमावून उरलेल्या उंटाने व दोन घोड्यांनी जी मात केली, ती या समजुतीचा कळस होय.

या समजुतीला हरकत घेतली ती विल्हेल्म स्टाइनिट्झने (१८३६–१९००), ज्याने आरंभी त्याच धाडसी पद्धतीने खेळून १८६६ मध्ये खुद्द अँडरसनचा पराभव केला होता. त्याच्या मते समतोल स्थितीतून जिंकणारा हल्ला उद्भवूच शकत नाही; दुबळी घरे, मोकळ्या स्तंभांवरील ताबा, असे बारीकसारीक लाभ आधी शिलकेस पडावे लागतात, आणि ते पडल्यावर मात्र हल्ला करणे हा हक्क न राहता कर्तव्य ठरते, कारण चालढकल केल्यास लाभ विरून जातो. १८९४ मध्ये त्याचे जगज्जेतेपद हिरावणारा एमानुएल लास्कर गणिती व तत्त्वचिंतकही होता. या विचारांना सिद्धांताची शिस्त त्याने आपल्या ग्रंथात लावली, आणि तिच्यातील काही रेखीवपणा गुरूपेक्षा भाष्यकाराचाच असावा असे वाटते.

सिद्धांताची खरी साक्ष १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील फोन बार्डेलेबनविरुद्धच्या डावात मिळते. काळ्याचा राजा किल्लेकोट न करता मध्यभागी अडकलेला पाहून स्टाइनिट्झने सतराव्या खेळीत एक प्यादे दिले, ते केवळ त्याने अडविलेले घर घोड्याला मोकळे व्हावे म्हणून. ही निव्वळ व्यूहनीती. पाच खेळ्यांनंतर त्याच्या हत्तीने सातव्या पंक्तीतील घोडा मारून राजाला शह दिला, आणि पुढे तो शहामागून शह देत राजाला खेटून फिरत राहिला, तरी त्याला मारणे राजाला वा वजिराला परवडेना. हत्ती कोठे शिरवावा हे मात्र कोणताही सिद्धांत सांगत नाही. तेथे कल्पनाशक्तीचाच अंमल चालतो, आणि लास्करचे वाचक हे पुष्कळदा विसरतात. बार्डेलेबन राजीनामा न देताच सभागृहातून निघून गेला. चमकदार खेळाचे पहिले पारितोषिक, धीम्या खेळाचा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या गेलेल्या एकोणसाठ वर्षांच्या स्टाइनिट्झला मिळाले.