जुन्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालायचं?

घरात जुनी येझदी किंवा बुलेट असेल तर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दुकानात विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "नव्वद नंबर टाका." मीही टाकलं होतं. बाबांच्या येझदी २५० मध्ये, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं ९० नंबरचं गिअर ऑइल. जाड आहे म्हणजे गिअर जपेल, एवढाच विचार. तीन आठवड्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही ओढेना. क्लच घसरत होता. उघडून पाहिलं तर कॉर्कच्या प्लेट काचेसारख्या गुळगुळीत. प्लेट जुन्याच होत्या, त्यामुळे सगळा दोष मी तेलाला देत नाही. पण नवीन प्लेटचा सेट घ्यावा लागला आणि वाचलेले पैसे दुप्पट होऊन गेले.

९० नंबर खरंच जाड असतं का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांचे नंबर दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. दोन्ही पट्ट्या एसएईच्याच, पण आकडे वेगवेगळे दिलेत, म्हणजे निदान डबा बघून कळावं की हे इंजिनचं आणि ते गिअरचं. १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहतं ते सेंटिस्टोकमध्ये मोजतात. आजच्या मोजणीप्रमाणे एसएई ९० गिअर ऑइल १३.५ ते १८.५ च्या दरम्यान असतं. एसएई ४० इंजिन ऑइल १२.५ ते १६.३, आणि एसएई ५० हे १६.३ ते २१.९. म्हणजे ९० नंबर हे ४० किंवा ५० च्या आसपासचंच तेल आहे, दुपटीने जाड वगैरे काही नाही. आमच्या कामात टाइप चुकला की कंपायलर तरी ओरडतो. इथे काउंटरवरचा माणूस फक्त पैसे मोजून घेतो.

मग माझ्या गाडीत बिघडलं कशामुळे? घट्टपणामुळे नाही, तर तेलात जे मिसळलेलं असतं त्यामुळे. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात, त्यांना ईपी अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. दात्यांवर प्रचंड दाब आणि उष्णता आली की ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. धातूऐवजी तो थर झिजतो. जीएल-५ मध्ये ही संयुगं जीएल-४ पेक्षा जास्त असतात, कारण ते मुख्यतः गाड्यांच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी आहे. तिथे दाते एकमेकांवर लांबवर घासत जातात. मोटरसायकलचे सरळ दात्यांचे गिअर त्या मानाने कमी घासतात, त्यांना एवढ्या औषधाची गरजच नसते.

म्हणून डबा निवडण्याआधी बघायचं ते हे, की या तेलात गिअरशिवाय आणखी काय बुडलेलं आहे.

येझदी आणि जावा

यांचं इंजिन टू-स्ट्रोक. इंजिनला तेल मिळतं ते पेट्रोलमधून, त्यामुळे गिअरबॉक्सच्या तेलात काजळी येत नाही. पण क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. क्लचला चालण्यासाठी घर्षण हवं, आणि आपण घर्षण कमी करणारंच तेल ओतायचं, असा हा उलटा खेळ आहे. याच भानगडीसाठी जपानमध्ये जासो टी ९०३ हे मानक आलं. मोटारींच्या इंजिन ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारे पदार्थ वाढत गेले आणि बाइकचे क्लच घसरायला लागले. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमबी असेल तर ठेवून द्या, ते क्लच तेलात नसलेल्या स्कूटरसाठी.

मी आता साधं २०डब्ल्यू-४०, एमए लिहिलेलं वापरतो. साधा एसएई ४० मिळाला तर तोही आपल्या हवेत उत्तम. महागडं सिंथेटिक घालून या गाडीला काही मिळत नाही, उलट जुन्या सीलमधून गळतं.

आणखी एक. तेल कमी होतंय, खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून धूर वाढलाय, तर तेलाचा ब्रँड बदलू नका. क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअरचं तेल ओढून जाळत असतं.

जुनी बुलेट

कास्ट आयर्न इंजिनच्या, उजव्या पायाला गिअर असलेल्या बुलेटमध्ये गणित वेगळं. अल्बियन पद्धतीचा चार गिअरचा डबा इंजिनपासून वेगळा, क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये, त्याचं तेलही वेगळं. म्हणजे गिअरबॉक्समध्ये क्लचची काळजी नाही, ९० नंबर चालतं. काळजी आहे ती ब्राँझच्या बुशांची. गंधक तांब्यावर हल्ला करतं, म्हणून जीएल-४ च घ्या. हल्लीच्या जीएल-५ मध्ये त्यावर उपाय केलेला असतो, तरी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बुशांवर प्रयोग कशाला?

हा डबा मुळात पातळ ग्रीसवर चालायचा, म्हणून नुसतं तेल भरलं की गळतोच. त्यावर काही मिस्त्री बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासतात. गळणं थांबतं खरं, पण गिअर त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरती चर पाडून घेतात, ग्रीस भिंतीला चिकटून बसतं आणि बुश कोरडे पडतात. घालायचंच तर ००  नंबरचं, मधासारखं वाहणारं ग्रीस घ्या आणि त्यात थोडं तेल मिसळा. दोन-चार थेंब गळाले तर खाली पुठ्ठा टाका.

तेल बदलताना गाडी दहा मिनिटं फिरवून आणा, मग ड्रेन बोल्ट काढा. जुनं तेल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात तिरकं करून बघा. बारीक राखाडी गाळ नेहमीचाच. सोनेरी चमक दिसली तर बुश झिजतायत. नखाला लागणारे रुपेरी कण म्हणजे दाते तुटतायत, डबा उघडावाच लागेल. आणि दुधाळ चहासारखा रंग असेल तर पावसाचं पाणी आत गेलंय. अशा वेळी स्वस्तातलं तेल भरून गाडी थोडी फिरवा, ते काढून टाका आणि मगच चांगलं भरा.