फाळक्यांना ध्येय 'सापडलं' का?

अप्रेझलचा महिना आला की आमच्या आयटीवाल्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "आपली पॅशन कशी शोधायची?" मग कोणीतरी आपल्या नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण टाकतं. एक सिनेमा बघितला आणि माणसाला जगण्याचं कारण सापडलं! ही गोष्ट अशी सांगितली की मला पटत नाही. म्हणून आज ती सालवार बघू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. स्वदेशीच्या वाऱ्यात ती नोकरी सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा केले, 'फाळके' उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने!

आजच्या भाषेत, असा सीव्ही बघून एचआर म्हणेल, "हा टिकत नाही."

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला. तेव्हा वय चाळीस. आता गंमत बघा. त्या तंबूत ते एकटे थोडेच होते? बाकीचे सिनेमा बघून घरी गेले. फाळक्यांना मात्र पडद्यावर कॅमेरा, रसायनं, चित्रकला, नेपथ्य, हातचलाखी असं सगळं एकत्र दिसलं, कारण यातलं प्रत्येक काम त्यांच्या हाताखालून गेलं होतं. 'वाया गेलेली' पंचवीस वर्षं त्या दिवशी उपयोगी पडली.

आणि पुढचं काही झटपट झालं नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. भांडवलदाराला पटवायला काय दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, ते रोज थोडं थोडं चित्रित करून! ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

या गोष्टीतलं एक नाव आपण नेहमी विसरतो: सरस्वतीबाई, त्यांच्या दुसऱ्या पत्नी. दागिने त्यांनी दिले, फिल्मला कडेची भोकं त्यांनी पाडली, सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांनीच केला. एकाच्या ध्येयाचा खर्च घरातलं दुसरं कोणीतरी भरत असतं. मोटिव्हेशनल रील्समध्ये हे सांगत नाहीत.

शेवटही गोड नाही. फाळके नाशिकला आले, इथे सिनेमे काढले. पण बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. ध्येयाने त्यांना भरभरून काम दिलं. सुखरूप म्हातारपणाची हमी दिली नाही.

म्हणून ग्रुपवर पुन्हा तो प्रश्न आला, की मी दोन प्रश्न उलट विचारणार आहे. आजवर तुझ्या हाताला काय काय येतं? आणि तू उडी मारलीस, तर घरात दागिने कोणाचे जातील? दोन्हींची उत्तरं कागदावर लिहा. पॅशनचं पुढे बघू.

भेटू पुढच्या भागात.