दीव : झांप्यापासून किल्ल्यापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावे, यावर घरोघरी बराच खल चालतो. मुलांना समुद्र हवा असतो, वडील मंडळींना काही पाहण्याजोगे हवे असते, आणि खिशाला तर दोन्ही परवडायला हवे असते. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी, एका चिंचोळ्या खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले दीव बेट हा त्यावर चांगला तोडगा आहे. नागव्याच्या पुळणीवर मुले दिवसभर रमतात. ताड म्हटला की एकसोटी, हा आपला समज खोटा पाडणारी, फांद्या फुटलेली होक्याची झाडे तिथे आहेत. आणि गावात शिरले की पाच शतकांचा इतिहास पायी हिंडून पाहता येतो.

वाटाडे पाहुण्यांना बहुधा थेट किल्ल्यावर नेतात. वाचकहो, आपण तसे करू नये. गावाच्या पश्चिमेला जुना तट आहे आणि त्यात झांपा नावाचा दरवाजा आहे. तेथून आत शिरावे आणि पूर्वेकडे चालत किल्ला गाठावा. याचे कारण साधे आहे. पोर्तुगीज दीवला आले ते इथे आधीपासून भरभराटलेले बंदर होते म्हणून. ज्याच्यासाठी किल्ला बांधला ते गाव आधी पाहिले, तरच किल्ल्याचा अर्थ लागतो.

गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत मलिक अयाज हा इथला कारभारी होता. तांबड्या समुद्राकडे जाणारी गलबते इथून सुटत. त्या व्यापारावर पोर्तुगिजांचा डोळा होता. १५०८ साली आपल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि दीवच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीज विजरईच्या मुलाला, लोरेन्सु द आल्मेदाला, गाठले आणि तो तिथे मारला गेला. बाप फ्रान्सिस्कु द आल्मेदा सूड घ्यायला निघाला, आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या बंदरात त्याने या संयुक्त आरमाराचा धुव्वा उडवला. कोकणच्या खाडीत पडलेली ठिणगी काठेवाडच्या किनाऱ्यावर जाऊन भडकली, ती अशी.

झांप्यातून पुढे आले की गल्ल्या अरुंद होत जातात. नगरशेठची नक्षीदार हवेली इथेच आहे. तिच्यापुढे जरा थांबावे. दीवचे वाणी गुजरातचे सुती कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिकला पाठवीत. १६८६ साली पोर्तुगीज सरकारने या वाण्यांच्या मंडळीला त्या व्यापाराचा मक्ताच दिला. पोर्तुगीज कागदांत या मंडळीला ‘मझानिश’ म्हटले आहे. हा आपला ‘महाजन’ शब्द. परतीच्या गलबतांतून हस्तिदंत येई. त्याच गलबतांतून माणसेही येत, गुलाम म्हणून विकत घेतलेली. सुंदर सज्जाखाली उभे राहून मुलांना हे सांगणे जड जाते, पण सांगितले पाहिजे. नक्षी खरी आहे आणि तिच्यासाठी मोजलेला पैसा कुठून आला हेही खरे आहे.

पुढे सेंट पॉलचे चर्च लागते. १६०१ मध्ये त्याचे काम सुरू झाले व १६१० मध्ये पुरे झाले. दर्शनी भिंतीवरचे कोरीव काम पाहून मान अवघडते. आत आजही प्रार्थना होते. जवळच्या सेंट थॉमसच्या चर्चचे पुढे संग्रहालय झाले, तर सेंट फ्रान्सिसच्या वास्तूत रुग्णालय आले.

आता किल्ला. तीन बाजूंना समुद्र, गावाच्या बाजूला खंदक, बुरुजांवर तोफा. हा किल्ला पोर्तुगिजांनी लढून मिळवलेला नाही. १५३१ साली नूनो द कुन्या प्रचंड आरमार घेऊन आला आणि हात हलवीत परत गेला. पण पुढे हुमायूनच्या स्वारीचे सावट गुजरातवर पडले आणि सुलतान बहादूरशहाला मित्रांची गरज भासू लागली. डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई पोर्तुगिजांना देऊन टाकली. १५३५ मध्ये, मांडू आणि चांपानेर गेल्यावर, दीवमध्ये किल्ला बांधायलाही परवानगी दिली. हुमायून परत फिरला, राज्य हाती आले, आणि मग सुलतानाला पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो नूनोच्या जहाजावर भेटीला गेला. परतताना चकमक झडली आणि तो याच पाण्यात मारला गेला. दगा कोणी कोणाला केला, याबद्दल फिरंगी आणि गुजराती बखरकारांचे एकमत नाही. पण मुंबईकर वाचकाने बुरुजावरून त्या पाण्याकडे पाहताना एवढे आठवावे, की आपल्या शहराचे दैव एका अडचणीतल्या राजाच्या सहीने पालटले होते.

पुढे दोन वेढे पडले. १५३८ मध्ये तुर्कांचा सुलेमान पाशा आला. १५४६ मध्ये खोजा सफरने वेढा घातला आणि त्यातच तो पडला. दुसऱ्या वेढ्यानंतर ढासळलेला किल्ला पुन्हा उभारायला जुआंव द कास्त्रुजवळ पैसा नव्हता. त्याचा मुलगा फर्नांदु वेढ्यात मेला होता. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले. ही गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात, आणि ती सांगण्याजोगी आहेच. मात्र त्याच विजयानंतर कास्त्रुच्या सैन्याने दीव शहर लुटले आणि बायकामुलांचीही गय केली नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. दाढीचे केस ज्याने पाठवले त्याचे नाव इतिहासात राहिले. गल्ल्यांत जे मेले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे राहिले, म्हणजे किल्ल्याच्या परवानगीपासून सव्वाचारशे वर्षे. नंतर ते गोवा आणि दमण यांच्यासह केंद्रशासित झाले; १९८७ मध्ये गोवा वेगळे राज्य झाले तेव्हा त्यांचा प्रपंच विभक्त झाला.

पूर्वेच्या बुरुजावरून समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा दिसतो. ओहोटीच्या वेळी कोळ्यांच्या होड्या त्याच्या बाजूने निवांत जातात. मुलांना इथे घटकाभर बसू द्यावे, डबा उघडावा, आणि त्यांनी विचारलेच की ‘हा किल्ला कोणाचा?’, तर उत्तर देण्याची घाई करू नये. झांप्यापासून इथवर चालत आलेल्या मुलाला त्याचे उत्तर एका नावात मावणार नाही हे पुरेसे कळलेले असते.